फिलिपाइन्सचा नासिओनालिस्ता पक्ष

रॅमन मॅगसेसे हें नांव महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांना अपरिचित नाहीं. त्यांच्या स्मरणार्थ स्थापन झालेलें पारितोषिक १९५८ सालीं प्रथम देण्यांत आलें, तेव्हां पहिल्या मानकऱ्यांत आचार्य विनोबा भावे होते; पुढें १९८५ सालीं तें बाबा आमटे यांना मिळालें. पारितोषिकामुळें नांव घरोघर पोंचलें. परंतु तें नांव धारण करणारे गृहस्थ फिलिपाइन्सचे राष्ट्राध्यक्ष कसे झाले, ही हकीकत फारशी कोणाच्या कानांवर आलेली नसते. १९५३ च्या आरंभीं मॅगसेसे हे लिबरल पक्षाच्या मंत्रिमंडळांत संरक्षणमंत्री होते. त्याच वर्षाच्या एप्रिलमध्यें ते लिबरलांच्या प्रतिस्पर्ध्याचे, म्हणजे नासिओनालिस्ता पक्षाचे, अधिकृत उमेदवार झाले. आणि नोव्हेंबरांत त्यांनीं आपल्या कालपर्यंतच्या वरिष्ठाचा, राष्ट्राध्यक्ष किरिनो यांचा, सुमारें ६९ टक्के मतें मिळवून पराभव केला.

असलें पक्षांतर त्या देशांत अघटित मानलें गेलें नाहीं. याचें कारण या दोन पक्षांच्या जन्मकथेंत आहे. दोन्ही पक्ष एकाच घरचे. फिलिपाइन्सच्या राजकारणाला पक्षांची झुंज म्हणण्यापेक्षां एका मोठ्या कुटुंबाची भाऊबंदकी म्हणणें पुष्कळदां अधिक यथार्थ ठरतें, आणि त्या घराचा सर्वांत जुना खांब म्हणजे नासिओनालिस्ता पक्ष होय. १९०७ पासून त्याचें नांव टिकून आहे. नांवाखालचीं माणसें मात्र इतक्या वेळां आलीं आणि गेलीं कीं, पक्ष कशाला म्हणावें हाच प्रश्न पडावा.

स्पेनची तीन शतकांहून अधिक काळ चाललेली सत्ता १८९८ सालीं संपली आणि तिच्या जागीं अमेरिकेची आली. नव्या सत्तेविरुद्ध फिलिपिनो लोक लढले आणि हरले. त्यानंतर राजकीय पक्ष काढण्याची मोकळीक प्रथम मिळाली ती १९०० सालच्या ‘फेडरल’ पक्षाला. फिलिपाइन्स हें अमेरिकेच्या संघांतील एक राज्य व्हावें, ही त्याची मागणी होती. उलट, स्वातंत्र्याचा उघड पुरस्कार हा १९०१ च्या एका कायद्यानें, युद्ध पुरतें शांत होईपर्यंत, अपराधच ठरविला होता. हें बंधन सैल झाल्यावर तात्काळ स्वातंत्र्य मागणारे निरनिराळे गट १९०७ च्या मार्चमध्यें एकत्र आले व त्यांतून नासिओनालिस्ता पक्ष निघाला. म्हणजे हा पक्ष जन्मतःच एक युति होती. त्याच वर्षीं जुलैमध्यें पहिल्या विधानसभेच्या ८० जागांसाठीं निवडणूक झाली आणि ऑक्टोबरांत मनिला येथील ग्रँड ऑपेरा हाउस या नाट्यगृहांत सभेचें उद्घाटन झालें. सेबू बेटाचे सेर्जिओ ओस्मेन्या हे सभापति निवडले गेले. त्यांचें वय त्या वेळीं अवघें २९ वर्षांचें. बहुमताचें सभागृहांतील नेतृत्व मान्वेल केसोन यांच्याकडे आलें. त्यांचेंहि वय तेवढेंच. दोघेहि १८७८ सालीं जन्मलेले, दोघेहि सांतो तोमास विद्यापीठांत कायदा शिकलेले. पुढील सदतीस वर्षें देशाचें राजकारण या दोघांच्या मैत्रीनें आणि त्यांच्या स्पर्धेनें चाललें.

मतदानाचा हक्क कोणाला होता हें पाहिलें म्हणजे पक्षाचा स्वभाव ध्यानांत येतो. मतदार पुरुष असावा, तेवीस वर्षांचा असावा. शिवाय त्यानें स्पॅनिश अमदानींत एखादें स्थानिक अधिकारपद भूषविलेलें असावें, किंवा त्याच्याजवळ ५०० पेसोंची मालमत्ता असावी, किंवा त्याला इंग्रजी वा स्पॅनिश भाषा लिहितां-वाचतां यावी, असा नियम होता. अशा नोंदलेल्या मतदारांची संख्या एक लाखाच्या थोडी वर भरली. लोकसंख्येशीं तिचें प्रमाण दीड टक्क्याहूनहि कमी. ऊसमळ्यांचे मालक, वकील, नगरांचे प्रमुख, हे मतदार आणि हेच उमेदवार. त्यांना परकी अंमल नको होता; परंतु कुळानें मालकाला किती वांटा द्यावा, हा प्रश्न त्यांच्या जाहीरनाम्यांत येण्याचें कारणच नव्हतें. ‘नासिओनालिस्ता’ म्हणजे राष्ट्रवादी. हें नांव घेणारा पक्ष पुराणमतवादी असावा हें चमत्कारिक वाटतें खरें, पण मागणी राष्ट्राची आणि मागणारा वर्ग जमीनदारांचा, हें एकदां लक्षांत आलें कीं त्यांत कांहीं कोडें उरत नाहीं.

आतां, ज्या पक्षाची मागणी एकच आणि ती सर्वांनाच मान्य, त्या पक्षांत मतभेद व्हावा कशावरून? तो नेतृत्वावरून झाला. १९२२ सालीं केसोन यांनीं ओस्मेन्यांवर असा आक्षेप घेतला कीं, पक्षाचा कारभार एका व्यक्तीच्या तंत्रानें चालतो, तो सामुदायिक असला पाहिजे. पक्षाचे दोन तुकडे झाले. केसोन यांचे अनुयायी ‘सामुदायिक’ आणि ओस्मेन्यांचे ‘एकव्यक्ति’ या नांवांनीं निवडणुकीस उभे राहिले. डेमोक्राता नांवाच्या तिसऱ्या पक्षाचें फावतें आहे असें दिसतांच दोन्ही तुकडे १९२४ सालीं पुन्हां जोडले गेले. सामुदायिक नेतृत्वाचा प्रश्न मात्र कायमचा मागें पडला, कारण आतां व्यक्ति तीच राहणार होती, फक्त ती ओस्मेन्या नसून केसोन होती. पक्षनिष्ठा संपते तेथून देशनिष्ठा सुरू होते, अशा अर्थाचें केसोन यांच्या नांवावर सांगितलें जाणारें एक वाक्य आहे. पक्ष बदलणारांच्या तोंडीं तें आजहि ऐकूं येतें. ज्याच्या नांवावर तें सांगतात त्याला स्वतःचा पक्ष सोडून दुसरीकडे कधीं जावें लागलें नाहीं, पक्षच त्याच्यामागें गेला, ही गोष्ट सहसा कोणी बोलत नाहीं.

दुसरी फूट अधिक गंभीर होती. ओस्मेन्या आणि मान्वेल रोहास यांनीं वॉशिंग्टनला जाऊन खटपट केली आणि १९३३ सालीं अमेरिकन काँग्रेसकडून स्वातंत्र्याचा एक कायदा मंजूर करून घेतला. दहा वर्षांचें संक्रमणकाळाचें सरकार आणि नंतर पूर्ण स्वातंत्र्य, असें त्याचें स्वरूप होतें. पंचवीस वर्षें जें मागितलें तें हातांत आलें होतें. केसोन यांनीं त्याला विरोध केला. अमेरिकन लष्करी तळ राहणार, व्यापाराच्या अटी जाचक आहेत, हे त्यांचे आक्षेप निराधार नव्हते. परंतु स्वातंत्र्य आणल्याचें श्रेय कोणाच्या पदरांत पडणार, हाहि प्रश्न त्यांच्यापुढें होता, याविषयीं इतिहासकारांना फारशी शंका नाहीं. मनिलाच्या कायदेमंडळानें तो कायदा फेंटाळला. मग केसोन स्वतः वॉशिंग्टनला गेले आणि १९३४ सालीं दुसरा कायदा घेऊन आले. लष्करी तळांविषयींचें कलम सोडल्यास दोहोंत मोठा फरक नव्हता.

या वादानें मित्र तुटले, वृत्तपत्रें विभागलीं गेलीं. ‘अनुकूल’ आणि ‘प्रतिकूल’ अशा दोन छावण्या झाल्या. आणि तरीहि १९३५ सालीं, नव्या राज्याची पहिली निवडणूक आली तेव्हां, दोन्ही छावण्यांनीं युति केली: केसोन राष्ट्राध्यक्षपदासाठीं, ओस्मेन्या उपराष्ट्राध्यक्षपदासाठीं. विरुद्ध उभे होते क्रांतीचे वृद्ध सेनानी एमिलिओ आगिनाल्दो आणि धर्मगुरु ग्रेगोरिओ आग्लिपाय. युतीचा विजय सहज झाला. फिलिपाइन्समधील पुढच्या सर्व आघाड्यांचा नमुना येथें घडला, असें म्हणावयास हरकत नाहीं. वादाचा निर्णय लावून ही युति झाली नव्हती. पदें वांटून घेतलीं आणि वाद सोडून दिला. ज्या मतदारानें दोन वर्षें एका बाजूचा हिरिरीनें पक्ष घेतला होता, त्याला आपण कशासाठीं भांडलों याचें उत्तर कोणीं दिलें नाहीं. १९३८ च्या निवडणुकींत राष्ट्रीय सभेच्या ९८ पैकीं ९८ जागा नासिओनालिस्ता पक्षाला मिळाल्या. विरोधी पक्ष म्हणून सभागृहांत एक मनुष्य उरला नाहीं.

ओस्मेन्यांच्या स्वभावाविषयीं येथें दोन शब्द सांगितले पाहिजेत. १९४३ च्या नोव्हेंबरांत, देश जपानच्या ताब्यांत आणि सरकार अमेरिकेंत परागंदा असतांना, घटनेप्रमाणें केसोन यांची मुदत संपली व पद ओस्मेन्यांकडे यावयाचें होतें. क्षयानें जर्जर झालेल्या केसोन यांना तें सोडवेना. ओस्मेन्यांनीं हट्ट धरला नाहीं. युद्ध संपेपर्यंत मुदत वाढविण्याच्या ठरावाला त्यांनींच पाठिंबा दिला. १९४४ च्या ऑगस्टमध्यें केसोन वारले आणि ऑक्टोबरांत नवे राष्ट्राध्यक्ष ओस्मेन्या जनरल मॅकआर्थर यांच्याबरोबर लेते बेटावर उतरले.

हीच सौजन्यशील वृत्ति १९४६ सालीं त्यांच्या उपयोगी पडली नाहीं. त्यांचे जुने सहकारी रोहास पक्षाचा ‘लिबरल गट’ घेऊन बाहेर पडले आणि त्यांच्याविरुद्ध उभे राहिले. लिबरल पक्षाचा जन्म हा असा. ओस्मेन्यांनीं प्रचारासाठीं फिरण्याचें जवळजवळ टाळलें. मात्र एक गोष्ट त्यांनीं केली, जी त्यांच्या पक्षानें पूर्वीं कधीं केली नव्हती. मध्य लूझोनमधील शेतकरी, कामगार आणि जपान्यांशीं लढलेले गनिमी सैनिक यांच्या ‘डेमोक्रॅटिक अलायन्स’ या संघटनेशीं त्यांनीं हातमिळवणी केली. जमीनदारांचा पक्ष आणि कुळांचा पक्ष एका उमेदवारामागें उभे राहिले! निवडणूक रोहास यांनीं जिंकली. तरी अलायन्सचे कांहीं प्रतिनिधि निवडून आले; त्यांत हुक गनिमांचे सेनापति लुईस तारुक हेहि होते.

४ जुलै १९४६ रोजीं देश स्वतंत्र झाला. त्याबरोबरच अमेरिकेनें एक अट घातली होती: देशाची नैसर्गिक संपत्ति व सार्वजनिक उपयोगाचे धंदे यांत अमेरिकन नागरिकांना फिलिपिनोंच्या बरोबरीचे हक्क मिळावे, नाहीं तर युद्धांतील नुकसानीची मोठी भरपाई मिळणार नाहीं. त्यासाठीं घटना दुरुस्त करणें भाग होतें, आणि दुरुस्तीस दोन्ही सभागृहांत तीन-चतुर्थांश मतें हवीं होतीं. अलायन्सच्या प्रतिनिधींना आणि नासिओनालिस्ता पक्षाच्या तीन सिनेटरांना, निवडणुकींत गैरप्रकार झाल्याच्या आरोपावरून, त्यांच्या जागांवर बसूं देण्यांत आलें नाहीं. ते वगळल्यावर मतें पुरलीं. सर्वोच्च न्यायालयानें १९४७ सालीं या प्रकरणांत हात घालण्याचें नाकारलें. तारुक पुन्हां रानांत गेले आणि मध्य लूझोनमध्यें कित्येक वर्षें चाललेलें शेतकऱ्यांचें बंड सुरू झालें. त्या बंडाला केवळ हेंच एक कारण होतें असें नाहीं. कुळांच्या हलाखीचीं मुळें फार खोल होतीं. परंतु मतपेटीचा मार्ग ज्यांनीं नुकताच धरला होता त्यांना तो बंद झालेला दिसला, हें खरें. नासिओनालिस्ता पक्षानें अशा प्रकारची युति त्यानंतर फार वर्षें केली नाहीं.

तें बंड मोडण्यासाठीं १९५० सालीं संरक्षणमंत्री नेमले गेले ते मॅगसेसे. त्यांची लोकप्रियता जसजशी वाढली तसतशी नासिओनालिस्ता पक्षाच्या धुरिणांची दृष्टि त्यांच्याकडे वळली. होसे लाउरेल आणि क्लारो रेक्तो हे पक्षांतील दोन जाडे विद्वान. लाउरेल तर १९४९ सालचे उमेदवार, आणि त्या वेळच्या बदनाम निवडणुकींत ते किरिनोंकडून हरले होते. तरीहि स्वतःचा हक्क बाजूस सारून त्यांनीं विरुद्ध पक्षांतील मनुष्य आणला. लिबरल पक्षांतून फुटलेल्या ‘डेमोक्रॅटिक’ पक्षाशींहि युति झाली. त्याचे नेते कार्लोस रोमुलो आणि साखरसम्राट फर्नांदो लोपेस होते. मॅगसेसे जिंकले; पण ज्यांनीं त्यांना आणलें त्या रेक्तोंशीं अमेरिकेविषयींच्या धोरणावरून त्यांचें लौकरच पटेनासें झालें. उमेदवार उसना घेतां येतो, धोरण घेतां येत नाहीं, हें रेक्तोंना उशिरां कळलें.

१७ मार्च १९५७ रोजीं विमान कोसळून मॅगसेसे यांचा अंत झाला. त्यांच्या जागीं आलेले कार्लोस गार्सिया त्याच वर्षीं निवडून आले, परंतु उपराष्ट्राध्यक्ष निवडला गेला लिबरल पक्षाचा. त्या देशांत या दोन पदांचीं मतें वेगवेगळीं दिलीं जातात, म्हणून असें घडूं शकतें. पुढें तें वारंवार घडलें.

१९६४ सालीं मॅगसेसे यांचा कित्ता दुसऱ्या एका गृहस्थानें गिरविला. लिबरल पक्षाचे सिनेटाध्यक्ष फर्दिनांद मार्कोस यांना आपल्या पक्षाकडून उमेदवारी मिळण्याचें चिन्ह दिसेना, तेव्हां ते नासिओनालिस्ता पक्षांत आले आणि त्याचे उमेदवार झाले. जोडीला फर्नांदो लोपेस. १९६५ सालीं दोघेहि निवडून आले, १९६९ सालीं पुन्हां आले. १९७२ च्या सप्टेंबरांत मार्कोस यांनीं लष्करी कायदा पुकारला. काँग्रेस बंद झाली. ती विरोधकांना जशी बंद झाली तशीच राष्ट्राध्यक्षांच्या स्वतःच्या पक्षालाहि बंद झाली. लोपेस घराण्याचीं वृत्तपत्र व दूरदर्शन केंद्रें ताब्यांत घेतलीं गेलीं, वीज कंपनी हातची गेली, उपराष्ट्राध्यक्षांचा पुतण्या तुरुंगांत पडला. उपराष्ट्राध्यक्षपदहि उरलें नाहीं. पक्षाची मोडतोड करण्याचीहि मार्कोस यांना गरज पडली नाहीं. त्यांनीं १९७८ सालीं ‘नवसमाज चळवळ’ या अर्थाच्या नांवाची स्वतःची संघटना काढली आणि नासिओनालिस्ता पक्षाचे बहुतेक लोक आपण होऊन तिच्यांत गेले. घर फिरलें कीं घराचे वासेहि फिरतात.

जुनें नांव सांभाळून राहिले ते मुख्यतः लाउरेल घराण्यांतले. होसे लाउरेल यांचे पुत्र साल्वादोर यांनीं १९८० सालीं विरोधकांची ‘युनिडो’ ही आघाडी उभी केली. १९८५ च्या डिसेंबरांत ते राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार म्हणून उभेहि राहिले होते. परंतु मारल्या गेलेल्या बेनिग्नो आकिनो यांच्या पत्नी कोराझोन यांच्यामागें लोकांचा ओढा होता. कार्डिनल सिन यांनीं मध्यस्थी केली; अर्ज भरण्याची मुदत संपतां संपतां लाउरेल मागें सरले आणि उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार झाले. त्यांची एकच अट होती, ती म्हणजे कोराझोन यांनीं ‘युनिडो’च्या नांवानें उभें राहावें. फेब्रुवारी १९८६ मध्यें मार्कोस देश सोडून पळाले. लाउरेल पंतप्रधान झाले, आणि मार्चमध्यें तें पदच रद्द झालें. १९८७ च्या सप्टेंबरांत त्यांनीं परराष्ट्रमंत्रिपदाचाहि राजीनामा दिला. या सबंध इतिहासांत स्वतःचा दावा सोडून आघाडी घडविणारीं जीं थोडीं माणसें दिसतात त्यांत ओस्मेन्यांच्या खालोखाल लाउरेल यांची गणना करावी लागेल, आणि दोघांनाहि त्याचें फळ सारखेंच मिळालें. १९९२ च्या निवडणुकींत लाउरेल नासिओनालिस्ता पक्षाच्या नांवावर उभे राहिले. सात उमेदवारांत त्यांचा क्रमांक शेवटचा लागला. पक्षांतील सामर्थ्यवान मंडळी एदुआर्दो कोहुआंको यांच्याबरोबर निघून गेली होती, व तिनें वेगळा पक्ष स्थापला होता.

यानंतर, २००४ च्या सुमारास, पक्षाचीं सूत्रें घरबांधणीच्या धंद्यांत अफाट संपत्ति मिळविलेले मान्वेल व्हिल्यार यांच्या हातीं आलीं. त्यांच्या काळांत पक्षाला एक नवी उपयुक्तता प्राप्त झाली. ती समजण्यासाठीं फिलिपिनो काँग्रेसची एक रीत ठाऊक असली पाहिजे. १९८७ च्या घटनेपासून पक्ष पुष्कळ झाले, आणि कोणा एकाला बहुमत मिळेनासें झालें. प्रतिनिधिगृहांत ‘बहुमत’ म्हणजे निवडणूक जिंकलेला पक्ष नव्हे. निवडून आलेल्या सभापतीला ज्यांनीं मत दिलें ते सर्व बहुमतांत मोडतात. समित्यांचीं अध्यक्षपदें त्यांना. मतदारसंघांतील रस्ते, पूल, शाळा यांसाठीं पैसा सुटतो तो राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीनें. त्यामुळें नवा राष्ट्राध्यक्ष आला कीं त्याचा पक्ष एका रात्रींत फुगतो आणि जुन्याचा ओस पडतो. २०१६ सालीं लिबरलांचें असेंच झालें. नासिओनालिस्ता पक्षानें मात्र वेगळी युक्ति साधली. त्याचीं माणसें एकेकटीं फुटून जात नाहींत. सबंध पक्षच करार करून नव्या सत्तेशीं युति करतो. २००४ सालीं तो आरोयो यांच्याबरोबर होता, २००७ सालीं त्यांच्या विरोधकांबरोबर, २०१३ सालीं लिबरल राष्ट्राध्यक्षांच्या यादींत, २०१६ नंतर दुतेर्ते यांच्या बहुमतांत, २०२२ नंतर धाकट्या मार्कोस यांच्या. राष्ट्राध्यक्ष बदलले, तरी पक्षाच्या जागा आणि समित्या शाबूत राहिल्या.

२०१० सालची त्यांची सिनेटची यादी तर संग्रहीं ठेवण्याजोगी आहे. व्हिल्यार स्वतः राष्ट्राध्यक्षपदासाठीं उभे होते. त्यांच्या यादींत हुकूमशहाचा पुत्र फर्दिनांद मार्कोस धाकटे होते, आणि पाहुणे उमेदवार म्हणून डावे नेते सातुर ओकांपो हेहि होते. हे ओकांपो १९७६ पासून नऊ वर्षें थोरल्या मार्कोस यांच्या तुरुंगांत होते व तेथें त्यांचा छळ झाला होता. दोघे एकाच यादींत बसले. १९४६ नंतर जमीनदार आणि डावे यांची अशी संगत पुन्हां प्रथमच दिसली असावी. फरक इतकाच कीं, ओस्मेन्यांच्या युतीच्या पाठीशीं लढून आलेलीं गांवें होतीं. मार्कोस निवडून आले, ओकांपो पडले. व्हिल्यार सुमारें १५ टक्के मतांवर तिसरे आले.

आणि २०१६ सालीं पक्षाचे तीन सिनेटर एकाच पदासाठीं, उपराष्ट्राध्यक्षपदासाठीं, परस्परांविरुद्ध उभे राहिले: धाकटे मार्कोस, आलान पीटर कायेतानो आणि आंतोनिओ त्रियानेस. तिघेहि नांवाला अपक्ष. तिघांचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवारहि वेगवेगळे. कोणाला पाठिंबा द्यावा, हें पक्षाला ठरवितां आलें नाहीं, किंवा ठरवावयाचेंच नव्हतें. तिघांच्या मतांची बेरीज विजयी उमेदवार लेनी रॉब्रेडो यांच्या मतांहून कितीतरी अधिक भरते. मार्कोस एकटे अडीच लाखांहून थोड्या अधिक मतांनीं हरले. पुढें २०२१ सालीं मार्कोस पक्ष सोडून ‘पार्तिदो फेदेराल’ या नव्या पक्षांत गेले आणि २०२२ सालीं राष्ट्राध्यक्ष झाले. १९०० सालच्या पक्षाशीं या पक्षाचा नांवापलीकडे कांहीं संबंध नाहीं. पण नांव तेवढें परत आलें. मार्कोस यांच्याच्यानें सोडवला गेला नाहीं तो ऋणानुबंध: २०२४ सालीं त्यांच्या नव्या पक्षाचा आणि जुन्या नासिओनालिस्ता पक्षाचा युतीचा करार झाला.

२०२५ च्या मे महिन्यांत सिनेटच्या बारा जागांची निवडणूक आली. तोंपर्यंत राष्ट्राध्यक्ष मार्कोस आणि उपराष्ट्राध्यक्ष सारा दुतेर्ते यांच्यांत उघड वैर पेटलें होतें. प्रतिनिधिगृहानें सारा यांच्यावर महाभियोगाचा ठरावहि केला होता. व्हिल्यार यांची कन्या कामिल राष्ट्राध्यक्षांच्या यादींत होती. एप्रिलमध्यें सारा दुतेर्ते यांनींहि तिला पाठिंबा जाहीर केला. राष्ट्राध्यक्षांची भगिनी इमी मार्कोस भावाच्या यादींतून बाहेर पडून सारा यांच्या बाजूला गेली होती, तीहि पक्षाचीच. पिया कायेतानो राष्ट्राध्यक्षांच्या यादींत राहिल्या. निकाल लागला तेव्हां नवव्या स्थानीं पिया कायेतानो, दहाव्या स्थानीं कामिल व्हिल्यार आणि बाराव्या स्थानीं इमी मार्कोस निवडून आल्या होत्या.